गासहून निशिझाकाला

नागासाकी हे नाव आमच्या घरात शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाआधी आलं. बॉम्बची गोष्ट आम्हां भावंडांना पुढे कळली. त्याच्या कितीतरी आधी आईने सांगून ठेवलं होतं की समुद्रापलीकडे त्या नावाचं एक गाव आहे आणि तिथल्या टेकडीवर आपल्या वसईच्या पोराला क्रुसावर चढवलं. वसई तालुक्यातल्या आमच्या गासचं चर्च त्याच्याच नावाचं, संत गोन्सालो गार्सियाचं. भारतात जन्मलेला पहिला संत, असं आम्ही अभिमानाने सांगतो. आईला त्या पहिलेपणाचं फारसं नव्हतं. शेजारच्या आळीतला मुलगा लांब नोकरीला गेलाय, अशा सुरात ती त्याच्याविषयी बोलायची, आणि बोलता बोलता थांबून विचारायची, "त्याच्या आईला कधी कळलं असेल गं?"

आई पावसाळ्यात गेली. त्यानंतरच्या फेब्रुवारीत मी नागासाकीला गेले. वेलांकणी तिने पाहिलं होतं. 2004 साली संत फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन होतं तेव्हा नातवंडांना घेऊन ती जुन्या गोव्यालाही जाऊन आली होती आणि तासन् तास रांगेत उभी राहिली होती. नागासाकी राहिलं. कुवेतला माझ्या भावाकडे जाण्यासाठी काढलेला तिचा पासपोर्ट कपाटात होता, त्यावर तेवढ्या एका प्रवासाचेच शिक्के. माझी भाची फुकुओकात नोकरीला आहे. आजीच्या मातीला तिला पोचता आलं नव्हतं. "मावशी, तू ये, आपण दोघी जाऊ," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि मी निघाले.

फुकुओकाच्या हाकाता स्थानकातून आधी साधी जलद गाडी, मग ताकेओ-ओन्सेनला त्याच फलाटावर समोर उभी असलेली पांढरी बुलेट ट्रेन. हा रेल्वेमार्ग 2022 च्या सप्टेंबरात सुरू झाला. गाडी बराच वेळ बोगद्यांतूनच धावते. मध्येच उजेड पडतो, एखादं खोरं, भाताची रिकामी खाचरं, घरामागे भाजीचे दोन वाफे दिसतात आणि पुन्हा अंधार. खिडकीशी बसून मी जपमाळ काढली. ती आईची, लाकडी मण्यांची. भाचीने विचारलं, "आज कोणती रहस्यं?" शनिवार होता, म्हणजे आनंदाची. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली जपमाळेत प्रकाशाची पाच रहस्यं नव्याने घातली, तेव्हा आई सत्तरीच्या उंबरठ्यावर होती. आळीतल्या बायका म्हणाल्या, आता या वयात नवं कुठे पाठ होणार! आईने ती वहीत लिहून घेतली, आठवडाभर पाटा-वरवंट्यापाशी घोकली आणि त्यांच्या वारी, गुरुवारी, स्वतःच जपमाळेला सुरुवात करून दिली.

नागासाकी स्थानकातून बाहेर पडलं की आईने सांगितलेली ती टेकडी, निशिझाका, चालत काही मिनिटांवर आहे. रस्ता ओलांडायचा आणि चढायला लागायचं. मनात मी गावाबाहेरचा उजाड माळ पाहत आले होते. आता टेकडीला इमारतींनी वेढलंय, खालून ट्रामची घरघर ऐकू येते. चिनी नववर्षाच्या उत्सवासाठी शहरभर लाल कंदील टांगलेले होते. वर मात्र एकदम मोकळं अंगण लागतं आणि समोर लांब भिंतीवर गोन्सालोसह क्रुसावर चढवलेले सव्वीस जण एका ओळीत उभे दिसतात. उभे म्हणणंही बरोबर नाही. पावलं खाली झुकलेली आहेत, जमिनीला कुणाचंच टेकलेलं नाही. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी ही ब्राँझची शिल्पं केली. 1862 साली या सव्वीस जणांना संतपद मिळालं, त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1962 मध्ये, हे स्मारक उभं राहिलं. ओळीत मध्येच उंची कमी होते, कारण तिथे मुलं आहेत. सगळ्यांत लहान, लुईस इबाराकी, बारा वर्षांचा होता.

भाचीने माहितीफलकावरची जपानी अक्षरं जुळवत गोन्सालो शोधून काढला. त्याच्यासमोर आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. गासच्या चर्चमध्ये लहानपणापासून पाहिलेली त्याची मूर्ती रंगीत आहे. इथे तो काळपट हिरवा, हात जोडलेला, तोंड जरा उघडं, बाकीच्यांसारखाच.

त्याचे वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. वसई 1534 च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली, त्यानंतरच्या दुसऱ्या पिढीतला हा मुलगा. किशोरवयातच तो जेज्विटांबरोबर जपानला आला, भाषा शिकला, पुढे व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. 1593 साली पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर जपानला परतला तो दुभाष्या म्हणून. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात धर्मगुरू बोलायचे आणि वसईचा हा माणूस ते जपानीत सांगायचा. मग हिदेयोशीची मर्जी फिरली. 1597 च्या जानेवारीत क्योतोमध्ये गोन्सालो आणि त्याच्या सोबत्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला आणि ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर त्यांना गावोगाव फिरवत नागासाकीला आणलं. 5 फेब्रुवारीला याच टेकडीवर त्यांना क्रुसांना बांधलं आणि भाल्यांनी भोसकलं.

आईचा प्रश्न तिथे मी पहिल्यांदा हिशेबाने मांडला. बातमी जायची ती जहाजातून, मकाव, मलाक्का, गोवा आणि मग वसई. वारे अनुकूल होण्याची वाट पाहायची, बंदरात महिनोन् महिने थांबायचं. म्हणजे वर्ष तरी गेलंच असणार. त्या वर्षभरात वसईत पाऊस पडून गेला असेल, भात कापून झालं असेल, नाताळ साजरा झाला असेल, आणि त्या बाईने नेहमीप्रमाणे मुलाच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना केली असेल. आईला जे टोचायचं ते हेच. संतांच्या गोष्टीतल्या भाल्यापाशी आम्ही मुलं डोळे विस्फारायचो आणि तिचं लक्ष मात्र वसईतल्या त्या घराकडे असायचं.

आई कुठल्या समितीची अध्यक्ष नव्हती. धर्मग्रामाच्या स्मरणिकेत तिचा फोटो असलाच तर मागच्या रांगेत. पण शनिवारी दुपारी चर्चमध्ये गेलात तर ती सापडायची. वेदीवरचे कपडे घरी नेऊन खळ घालून इस्त्री करणं तिच्याकडे होतं. कपड्यावर मेण सांडलं की ती वर तपकिरी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, मेण कागदात उतरायचं. पितळी मेणबत्तीदाण्या चिंचेने घासायच्या, फुलदाण्यांचं पाणी बदलायचं. फुलं वाडीतली, मोगरा, चाफा, लिली. आमची केळी आणि पानवेल पोट भरायची, फुलं मात्र आधी चर्चची, उरली तर बाजाराची. वडिलांनी यावर कधी तोंड उघडलं नाही, कारण हिशेबाची वही आईकडेच होती.

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिला ख्रिस्तप्रसाद घेणारी मुलं तिच्याकडे यायची. आज त्यातली कित्येक जण आजोबा झाली आहेत. ऑक्टोबरात आळीतून घरोघर मातेची मूर्ती फिरायची. आज कुणाकडे, उद्या कुणाकडे, याची यादी तिच्या डोक्यात असायची. भांडण झालेली दोन घरं ती मुद्दाम एकामागोमाग ठेवायची, म्हणजे एका घरच्यांना मूर्ती उचलून दुसऱ्या घरात जावंच लागे. कुणी गेलं की बाईच्या प्रेताला आंघोळ घालायला, लुगडं नेसवायला पहिली हाक तिला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, तेव्हा वाड्या आणि विहिरी वाचवायला निघालेल्या मोर्च्यांत ती डोक्यावर पदर घेऊन चालली. त्याच फादरांचं 'सुबोध बायबल' 2010 मध्ये आलं आणि आईने ते नातवंडांना रात्री मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. या भाचीला योनाची गोष्ट आजीच्या आवाजातच आठवते.

आणखी एक सांगायला हवं. आई मुलगी होती तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात, वेदीवर मराठी आली. तोवर लॅटिन उत्तरं तिला तोंडपाठ होती, अर्थाशिवाय. म्हातारपणी कधी ताप चढला की ग्लानीत ती लॅटिनच पुटपुटायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, "आईकडून आलंय ते, माझ्या मनाने नाही शिकले."

हे वाक्य मला ओउरा चर्चमध्ये आठवलं.

निशिझाकाहून ट्रामने दक्षिणेकडे जायचं, मध्ये एकदा ट्राम बदलायची, मग दुकानांच्या रांगेतून चढ. कास्तेला केकची दुकानं दोन्ही बाजूंना आहेत. पोर्तुगिजांनी इथे सोडलेला हा केक जपान्यांनी आपलासा केला. चढाच्या टोकाला पांढरं, टोकदार मनोऱ्याचं चर्च दिसतं. फ्रेंच मिशनरींनी ते 1864 साली परदेशी व्यापाऱ्यांच्या वसाहतीसाठी बांधलं, सव्वीस हुतात्म्यांना वाहिलं आणि त्याचं तोंड निशिझाकाच्या दिशेला ठेवलं. जपानी माणसाला ख्रिस्ती होण्याची बंदी तेव्हा चालूच होती. 1614 साली देशभर लागू झालेली ती बंदी. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर जपानमध्ये एकही धर्मगुरू उरला नाही. नववर्षाला गावच्या मुखियाच्या घरी जाऊन मरियेच्या किंवा ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवून दाखवावा लागे, नाहीतर अटक.

17 मार्च 1865 रोजी उराकामी गावातले दहा-पंधरा जण या चर्चच्या दारात आले. आत फादर पेतिजाँ गुडघे टेकून होते. त्या लोकांतली एक प्रौढ बाई जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली की आमचं अंतःकरणही तुमच्यासारखंच आहे. मग तिने विचारलं, मरियेची मूर्ती कुठे आहे? इसाबेलिना युरी सुगिमोतो असं तिचं नाव सांगतात. तिने ज्या मूर्तीविषयी विचारलं ती आजही वेदीच्या उजव्या बाजूला आहे, कडेवर बाळ घेतलेली. आत फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे लोक नुसते पाहतात. मीही पाहत बसले.

दोनशेहून अधिक वर्षं मिस्सा नाही, ख्रिस्तप्रसाद नाही, पापनिवेदन नाही, चर्चची इमारत नाही. होतं काय? एक जण सणांची पंचांगवही सांभाळायचा, एक जण बाळांना बाप्तिस्मा द्यायचा, आणि प्रार्थना घरात हलक्या आवाजात म्हटल्या जायच्या. मूळच्या लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना, उच्चार झिजलेले, अर्थ बराचसा हरवलेला, तरी ओळ सुटू न देता. घरात बौद्ध कान्नोनची चिनी मातीची मूर्ती, कडेवर बाळ असलेली. पाहणाऱ्याला ती कान्नोन, घरच्यांना मरिया.

माझं शिक्षण चर्चच्या शाळेत झालं. धर्मसभा म्हणजे पोप, बिशप, फादर, सिस्टर आणि मग आम्ही, असा क्रम नकळत डोक्यात बसला होता. ओउराच्या बाकावर बसून मला वाटलं, वरचं सगळं काढून घेतलं तरी जे उरतं ते आईच्या हातात होतं. सणांची तारीख, बाळाच्या कपाळावरचं पाणी, पाठ केलेले शब्द, मेलेल्याची आंघोळ. इतिहासाने हा प्रयोग उराकामीत करून पाहिला, सात पिढ्यांवर. फादर नसतानाही तो विश्वास जगला, आणि जगला तो अशा घरांमध्ये जिथे कुणीतरी संध्याकाळी पोरांना जवळ बसवून घोकून घेत होतं. आईच्या कामाला आम्ही 'चर्चला मदत' म्हणायचो. मला आता तो शब्द फार तोकडा वाटतो आणि मी तो पुन्हा वापरणार नाही.

बाहेर येऊन हे भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आजी मला फोनवर दर रविवारी विचारायची, मिस्सेला गेलीस का? मला वाटायचं हजेरी घेतेय." मग जरा वेळाने, "ती हजेरीच घेत होती ना गं?" मी म्हटलं, हो.

उराकामीला आम्ही संध्याकाळच्या मिस्सेसाठी गेलो. ओउरात प्रकट झाल्याची किंमत या गावाने मोजली. 1868 पासून तीन हजारांहून अधिक माणसं देशभर हद्दपार झाली, सहाशेहून जास्त त्यात मेली. 1873 मध्ये बंदीचे फलक उतरले, उरलेले परतले, आणि त्यांनी जागा विकत घेतली ती त्याच मुखियाच्या घराची, जिथे त्यांच्या वाडवडिलांना प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. तिथे त्यांनी विटा रचायला घेतल्या. 1895 ला सुरू झालेलं ते चर्च 1914 मध्ये पुरं झालं. 9 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी बॉम्ब त्याच्यापासून सुमारे पाचशे मीटरवर फुटला. आत लोक पापनिवेदनाला आले होते, कारण 15 ऑगस्टला मातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण होता. उराकामीच्या बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मेले.

15 ऑगस्टच्या आधीचा तो आठवडा मला माहीत आहे. आमच्याकडे सणाची मिस्सा आणि झेंडावंदन लागोपाठ असतं, आणि आई त्या आठवड्यात घरात कमी, चर्चमध्ये जास्त असायची. उराकामीत त्या सकाळी आत असलेल्यांत वेदीचे कपडे धुणारी कुणी असेलच. हे मी तर्काने म्हणते आहे, पण मला त्यात शंका नाही.

उराकामीत राहणारे डॉक्टर ताकाशी नागाई तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयात होते, जखमी होऊनही रुग्णांमध्ये अडकलेले. घरी परतले तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी त्यांना बायकोची, मिदोरीची, जळालेली हाडं सापडली आणि त्या हाडांजवळ तिची जपमाळ. मिदोरी ही उराकामीत पंचांगवही सांभाळणाऱ्या घराण्यातली लेक. नागाई तिच्या घरी भाडेकरू म्हणून राहिले, त्या माणसांचा विश्वास रोज पाहिला, आणि 1934 साली बाप्तिस्मा घेतला. नाव घेतलं पावलुस, निशिझाकाच्या भिंतीवरच्या पावलुस मिकीवरून. बॉम्ब पडला तेव्हा त्यांची दोन मुलं आजीबरोबर डोंगरापलीकडे होती, म्हणून वाचली. पुढे आजारी बापाच्या घरात त्यांना त्या आजीनेच सांभाळलं. नागाईंची पुस्तकं जगभर वाचली गेली. मला त्यांच्या इतकाच आदर त्या आजीविषयी वाटतो. लेक गेल्यावर तिने चूल पेटवली, पोरांना जेवू घातलं, आणि प्रार्थनेला बसवलं असणार.

आताचं चर्च 1959 मध्ये पुन्हा बांधलेलं आहे. बॉम्बने होरपळलेलं लाकडी मरियेचं मस्तक आत एका बाजूला जपलंय, डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा. जुन्या घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून शाबूत निघाली आणि 1945 च्या नाताळच्या आदल्या रात्री लोकांनी ती वाजवली. अन्नाची भ्रांत होती, घरं नव्हती, आणि त्यांनी घंटा बांधायला तिकाटणं उभं केलं. आईला हे कळलं असतं तर ती म्हणाली असती, मग, नाताळ होता ना.

मिस्सेला म्हाताऱ्या बायका डोक्यावर पांढऱ्या जाळीचे रुमाल घेऊन बसल्या होत्या. भाषा कळत नव्हती, पण उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे हे शरीराला माहीत होतं. आईचं नाव मी मनात घेतलं, मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या वेळी. मिस्सा संपल्यावर एक आजी पुढे येऊन गायनाची पुस्तकं गोळा करू लागली, मग फुलदाणीतली कललेली फांदी सरळ केली. मी न सांगताच भाची उठली आणि उरलेली पुस्तकं उचलू लागली. दोघी काहीतरी बोलल्या. आम्ही भारतातून, वसईतून आलो, गोन्सालो गार्सियाच्या गावच्या, हे कळल्यावर त्या आजीने माझे दोन्ही हात धरले आणि वाकून काहीतरी म्हणाली. भाची म्हणाली, "आभार मानतायत, वसईने माणूस पाठवला म्हणून."

पायऱ्यांवर येऊन मी गासला फोन लावला. जपानचं घड्याळ साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडे शनिवारची दुपार कलत आलेली. आईची मैत्रीण चर्चमध्येच होती, मागे बादलीचा आवाज येत होता. मी उराकामीचं सांगायला लागले, बॉम्बचं, घंटेचं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "वेदीवर फुलं कोणती होती?" पांढरी शेवंती आणि फुललेल्या फांद्या, मी म्हटलं, बहुतेक जर्दाळूच्या जातीच्या जपानी उमे झाडाच्या. तिने ते मागच्या बायकांना ओरडून सांगितलं. मग म्हणाली, "बाय, तू परत कधी येतेस? इथे मेणबत्तीदाण्यांवर मेण किती साठलंय, तुझ्या आईसारखं कुणाला काढता येत नाही. तिने तुला दाखवलंय ना?"

दाखवलंय, मी म्हटलं. पुढच्या शनिवारी येते. चिंच भिजत घालून ठेवा.